गावचं बंद घर पाहुण्यांसाठी उघडताना: कोकणातल्या कौलारू घराच्या दुरुस्तीचा क्रम

आमचं घर राजापूर तालुक्यात, कातळ उतरून खाली आलं की लागतं. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, पुढे ओटी, मग माजघर, मागे पडवी आणि न्हाणी, वर मंगलोरी कौलं. वर्षातून दोनदा उघडायचं, गणपतीला आणि शिमग्याला. एरवी कुलूप. सहा वर्षांपूर्वी ते दुरुस्तीला घेतलं आणि आता दिवाळीनंतर मे अखेरपर्यंत पाहुण्यांना देतो. तेव्हापासून "आमचंही असंच पडून आहे गं, कुठून सुरुवात करू?" असं बरेच जण विचारतात. त्यांना तुकड्यातुकड्यांत सांगितलेलं इथे सलग लिहिते आहे.

पुढचा सगळा क्रम एका गोष्टीवर उभा आहे, म्हणून ती आधी सांगते. आमच्या घराला सगळ्यात जास्त इजा केली होती ती गेल्या तीस-चाळीस वर्षांतल्या सुधारणांनी. जोत्याला मारलेला सिमेंटचा गिलावा, माजघरात काँक्रीटवर बसवलेली लादी, पडवीवर टाकलेला पत्रा, भिंतींना फासलेला ऑइलपेंट. त्यांच्या आतलं मूळ घर बऱ्यापैकी धड होतं. त्यामुळे दुरुस्तीची पहिली यादी करायला बसाल तेव्हा काय काढायचं ते आधी लिहा. काय घालायचं ते नंतर आपोआप कमी होतं, आणि खर्चही.

कागद आणि घरची माणसं

सातबारा, ८अ आणि जुने फेरफार काढा. ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा, म्हणजे नमुना ८, हाही घ्या, पण त्यावर नाव आहे म्हणून मालकी सिद्ध होते असं समजू नका. तो घरपट्टीच्या आकारणीचा कागद आहे. घर गावठाणात असेल तर २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत तुमच्या गावाची ड्रोनने मोजणी झाली आहे का आणि मालमत्ता पत्रक तयार आहे का ते बघा. बहुतेक घरांत आजोबा-पणजोबांचं नाव अजून तसंच असतं. वारस नोंद झाल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका.

वारसांमध्ये बहिणी आणि आत्या आल्याच. हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क जन्मापासून मिळाला. कायद्यातली ही दुरुस्ती झाली तेव्हा वडील हयात नसले तरी तो राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. "तिची सही कशाला, ती सासरी" हे वाक्य घरात कोणी उच्चारलं तर तिथेच थांबवा.

सामाईक घराची गंमत अशी की राहायला कोणालाच नको असतं आणि सोडायचंही कोणालाच नसतं. आम्ही सगळे एका मे महिन्यात ओटीवर बसलो आणि दोन दिवस बोललो. शेवटी वकिलाकडून करार लिहून घेतला. त्यात पैसे कोण घालणार, घातलेले पैसे आधी वसूल होऊन मग नफ्याची वाटणी कशी होणार, घरपट्टी आणि विजेचं बिल कोणी भरायचं, कोणाला बाहेर पडायचं असेल तर काय, हे आलंच. पण ज्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला ते वेगळं होतं. देवघराच्या खोलीला पाहुण्यांची चावी लागणार नाही. गणपतीचे दिवस आणि शिमग्यात पालखी घरी येते ते दिवस पाहुणे घ्यायचे नाहीत, मग कोणी कितीही पैसे देवो. काकांना एवढं लिहून मिळालं आणि त्यांनी सही केली. तुमच्याकडेही असा एखादा मुद्दा असणार. तो पैशाच्या आधी काढा.

भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आत घर असेल तर सीआरझेडचे, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामांवर बंधनं घालणारे नियम लागू होतात. तिथे वाढीव खोल्यांचा विचार सोडून मूळ जोत्यावरच दुरुस्ती करणं शहाणपणाचं. खरं तर समुद्र लांब असला तरी मी हाच सल्ला देईन.

एक पावसाळा नुसतं बघा

कागद होईपर्यंत पावसाळा येतोच. कोकणपट्टीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास आणि वर पाऊस पडतो, आणि घराचं सगळं दुखणं तो बोलून दाखवतो. जुलैत सलग तीन-चार दिवस घरात राहा. खडू घ्या, ओल दिसेल तिथे कड आखा आणि तारीख टाका. वरून ठिपकणारं पाणी, पागोळ्यांचे शिंतोडे जोत्यावर उडून चढलेली ओल, झडीने पश्चिमेच्या भिंतीत मुरलेलं पाणी आणि जमिनीतून वर येणारी ओल या चार वेगवेगळ्या व्याधी आहेत आणि चारींचं औषध वेगळं आहे. भर उन्हाळ्यात बघायला आलेल्या ठेकेदाराला त्या सगळ्या सारख्याच दिसतात. आमच्याकडे पहिला आलेला ठेकेदार एप्रिलात आला होता. त्याने पाडून आरसीसी बांधायचा सल्ला दिला.

आमच्या मागच्या भिंतीची कड गुडघ्यापर्यंत होती आणि पाऊस थांबल्यावरही ती उतरत नव्हती. बाहेर जाऊन बघितलं तर उतारावरून वर्षानुवर्षं वाहून आलेली माती जोत्याच्या वीतभर वर चढली होती. डोंगरउतारावरच्या घरांत हे हटकून होतं. ती माती खणून पुन्हा जोत्याच्या खाली नेली, मागे गडगा, म्हणजे दगड रचून केलेला बांध, घातला, गडग्याच्या आणि घराच्या मध्ये चर काढून पाणी बाजूच्या व्हाळाला (ओढ्याला) सोडलं. दुसऱ्या पावसाळ्यात कड घोट्याच्या वर आली नाही. एवढ्या कामाला दोन गडी आणि आठ दिवस लागले.

छप्पर: इथे हात आखडता घेऊ नका

छपराचं काम दिवाळीनंतर, परतीचा पाऊस पूर्ण गेल्यावर काढा आणि पौषाच्या आत आटपा. सगळं छप्पर एकदम उघडू नका, एकेक पाखं, म्हणजे छपराची एकेक उतरती बाजू, घ्या.

कौलांची मोजणी सोपी आहे. मंगलोरी कौलं एका चौरस मीटरला साधारण १५ लागतात आणि एक कौल अडीच किलोच्या आसपास भरतं. दीडशे चौरस मीटरचं छप्पर म्हणजे सव्वादोन हजार कौलं आणि साडेपाच टनांच्या वर वजन. पावसात भिजलं की आणखी. हा भार वाशांवर आहे हे लक्षात ठेवूनच लाकडाकडे बघा.

उतरवलेलं प्रत्येक कौल हातावर तोलून बोटाच्या पेराने वाजवायचं. खणखणीत वाजलं की ठेवायचं, बद्द वाजलं की डोळ्यांना न दिसणारी चीर आहे, बाजूला काढायचं. आमच्याकडे कौलं लावणारे दोघे हे काम गप्पा मारत करत होते आणि गप्पा न थांबवता हात आपोआप डावीकडे किंवा उजवीकडे जात होता. शेवाळ तारेच्या ब्रशने आणि पाण्याने काढा, आम्ल वापरू नका. पालथ्या बाजूचा छापही बघा. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि तिथून ही कौलं किनाऱ्याने वर आली. जुन्या घरांत तो छाप अजून सापडतो.

नवी कौलं आणताना एक अडचण येते ती कोणी आधी सांगत नाही. साच्यासाच्यात फरक असतो, नव्या कौलाची खोबण जुन्याला नीट बसत नाही आणि नेमकं तिथून पाणी आत येतं. म्हणून मिसळू नका. चांगली निघालेली सगळी जुनी कौलं पुढच्या पाख्यावर, नवी सगळी मागच्या पाख्यावर. काचेची कौलं दोन-चारच घाला. जास्त घातली तर वैशाखात खोली तापते.

माकडांमुळे अनेकांनी कौलं उतरवून पत्रा घातला. त्यांचा त्रास मी समजू शकते, आमच्याकडे एका टोळीने एका सकाळी चाळीसेक कौलं फोडली होती. तरीही पत्रा नको. पावसात आवाजाने बोलणं ऐकू येत नाही आणि उन्हाळ्यात पाहुणा दुपारी खोलीत थांबू शकत नाही. छपरावर येणाऱ्या फांद्या छाटा, दोनेकशे जादा कौलं परसात उभी रचून ठेवा आणि छपरावर चढणारा माणूस कोण हे आधीच ठरवून ठेवा. पाहुण्यांच्या खोल्यांवर लाकडी तक्तपोशी, म्हणजे कौलांखाली फळ्यांचं छत, केली तर फुटलेल्या कौलाचा तुकडा, धूळ, उंदीर हे सगळं वरच राहतं. तक्तपोशी आणि कौलांच्या मध्ये वारा खेळायला दोन्ही टोकांना जाळी सोडा.

लाकडाची तपासणी सुताराबरोबर स्वतः करा. आमचे सुतार सत्तरीचे. त्यांनी पेचकस काढला आणि तुळईच्या मध्यभागाकडे न बघता शिडी थेट भिंतीला टेकवली. "ताई, तुळई मधी नाय मरत. भिंतीत मरते." पेचकस टेकवला तसा तो मुठीपर्यंत आत गेला आणि भुसा त्यांच्या बाहीवर पडला. हातभर पुढे तेच लाकूड असं होतं की पेचकसाचं टोक सरकत होतं. भिंतीत गेलेलं टोक ओलीने कुजतं, वाळवीही तिथूनच चढते. अशी तुळई टाकून द्यायची नसते. कुजलेलं टोक कापून, कुसू (जोडात बसणारी जीभ) काढून, त्याच जातीच्या लाकडाचा जोड द्यायचा आणि भिंतीत शिरणाऱ्या भागाभोवती बोटभर मोकळी जागा सोडायची. आमच्या चौदा तुळयांपैकी फक्त दोन पूर्ण बदलाव्या लागल्या.

लाकूड कुठून आणायचं? ऐन, किंजळ, फणस, साग. आसपास पाडलेल्या घरांचं जुनं लाकूड मिळालं तर ते सगळ्यात चांगलं, कारण जे वाकायचं-पिळायचं ते केव्हाच होऊन गेलेलं असतं. स्वतःच्या जमिनीतलं झाड तोडायचं असलं तरी या जातींना वनविभागाची परवानगी लागते, विसरू नका. वाळवीसाठी जोत्याभोवती कीटकनाशकाची प्रक्रिया जाणकाराकडून करून घ्या, पण विहिरीच्या बाजूला तिचा थेंब नको. लाकडाला काजूच्या टरफलांचं तेल लावायची कोकणातली जुनी पद्धत उत्तम आहे. ते कातडी भाजतं, म्हणून हातमोजे घालूनच, आणि पाहुणे यायच्या खूप आधी लावा, वास जायला वेळ लागतो.

भिंती आणि जमीन

जांभा सच्छिद्र दगड आहे. तो पाणी पितो आणि वाळवतो. त्यावर सिमेंटचा गिलावा केला की पाणी आत जायला कुठून तरी वाट मिळतेच, बाहेर पडायला मिळत नाही, आणि गिलाव्याच्या आड चिरा भुसभुशीत होत जातो. पोकळ वाजणारा सिमेंटचा गिलावा छिन्नीने हलक्या हाताने काढा. ब्रेकर लावू नका. उघडी भिंत महिनाभर तशीच वाळू द्या. हे दृश्य घरच्यांना बघवत नाही, पण तो महिना वाचवू नका.

मग चुना. विरवलेला, म्हणजे पाण्यात फोडलेला, चुना निदान पंधरा दिवस पाण्याखाली ठेवा, जितका मुरेल तितका हाताला लोण्यासारखा लागतो. एक भाग चुना आणि तीन भाग गोड्या पाण्याची, धुतलेली वाळू. खाडीची किंवा किनाऱ्याची वाळू घेतलीत तर मीठ भिंतीत राहतं आणि दर पावसाळ्यात पांढरं होऊन बाहेर येतं. पातळ थर द्या, दोन थरांच्या मध्ये वेळ द्या, ओलं गोणपाट टांगून आठ-दहा दिवस गिलावा हळूहळू सुकू द्या. म्हणून हे काम थंडीतच करायचं, एप्रिलच्या उन्हात चुन्याला तडे जातात. कळी चुना विरवताना उकळून उडतो. डोळ्याला चष्मा हवाच आणि मुलं लांब. वरून चुन्याचीच सफेदी. ती दरवर्षी करावी लागते, पण एका दिवसात होते.

जमिनीबद्दल माझं मत बदललं आहे. सुरुवातीला सगळीकडे शेणाने सारवायचं ठरवलं होतं. दर आठ-पंधरा दिवसांनी कोण सारवणार हा प्रश्न आला, आणि चाकांच्या बॅगांनी पोपडे निघतात. आता ओटी आणि खळं (पुढचं अंगण) सारवतो, खोल्यांत तांबडा कोबा आहे. महत्त्वाचं आहे ते कोब्याच्या खाली. जुनं काँक्रीट काढून तिथे जांभ्याच्या मोठ्या खड्यांचा हातभर जाडीचा थर नुसता रचला, मातीने न भरता. दगडादगडातल्या मोकळ्या जागेमुळे जमिनीतली ओल वर चढत नाही. माजघरात लादी बसवल्यापासून जी ओल भिंतीत गेली होती तिचं कारण हेच होतं, लादीखालून तिला वर यायला भिंतच उरली होती.

पाणी, न्हाणी, वीज

पाहुण्यांचा हंगाम मे महिन्यात भरात असतो आणि विहीर मे महिन्यातच तळाला जाते. म्हणून विहिरीची परीक्षा वैशाखात घ्या. पंपाने उपसून काढा आणि पुन्हा किती तासांत किती पाणी येतं ते दोरीला गाठी मारून मोजा. दहा माणसांना अंघोळ, स्वयंपाक, धुणं धरून दिवसाला १३५० लिटरचा हिशेब धरा. तेवढं येत नसेल तर खोल्या कमी द्या. टँकरच्या भरवशावर पाहुणे घेऊ नका, गावात पाण्याची ओढ असताना ते बरं दिसत नाही. दीडशे चौरस मीटरच्या छपरावरून एका पावसाळ्यात साडेचार लाख लिटर पाणी खाली येतं. पन्हळ लावून त्यातलं थोडं जरी गाळून विहिरीच्या वरच्या अंगाला मुरवलं तरी दोन-तीन वर्षांत फरक दिसतो. पावसाळ्यानंतर दरवर्षी पाणी तपासून घ्या.

न्हाणी आणि संडास मूळ घराच्या आत घुसवू नका. मागच्या पडवीचे भाग करून प्रत्येक खोलीला मागून दार काढलं तर पाण्याचे नळ मुख्य भिंतींना शिवत नाहीत. सेप्टिक टँक आणि शोषखड्डा विहिरीपासून निदान १५ मीटर लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला. जांभ्यातून पाणी भराभर पाझरतं, त्यामुळे जागा असेल तर अंतर दुप्पट ठेवा. शेजाऱ्याची विहीरही मोजा. आम्ही पाणचूल ठेवली आहे. डिसेंबरात पाहुणे सकाळी उठून तिच्याभोवतीच बसतात.

वीज थोडक्यात सांगते. जुनी लाकडी पट्टीवरची वायरिंग पूर्ण काढा. चिऱ्यात खाचे मारू नका, वायरिंग वरूनच पाइपातून न्या. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, सगळ्या खोल्यांना. कातळात अर्थिंग उन्हाळ्यात कोरडं पडतं, कोळसा-मिठाचा खड्डा करून मे महिन्यात त्यात पाणी घालत जा. वळवाच्या विजा टीव्ही-फ्रिज जाळतात, म्हणून सर्ज प्रोटेक्टर हवा.

पाहुणे यायच्या आधी

पर्यटन संचालनालयाकडे न्याहारी-निवास म्हणून नोंदणी करा, ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला घ्या, जेवण देणार असाल तर अन्नसुरक्षेची नोंदणी. प्रत्येकाचं ओळखपत्र वहीत नोंदवा. परदेशी पाहुणा आला तर २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते. विमा काढा, त्यात पाहुण्याला इजा झाल्यास भरपाई आहे का ते वाचून घ्या.

चिऱ्यांच्या आणि कौलांच्या ढिगात विंचू राहतात, गडग्यात सापही. ढीग दारापासून लांब ठेवा, अंगणात रात्री दिवा, प्रत्येक खोलीत बॅटरी, आणि जवळच्या रुग्णालयाचा नंबर भिंतीवर. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन रूढ केल्यापासून मृत्यू खूप कमी झाले, पण ते औषध वेळेत मिळायला हवं. कोणत्या दवाखान्यात रात्री डॉक्टर असतात ते आधी जाऊन विचारून या.

स्वयंपाकाला आमच्याकडे शेजारच्या वहिनी येतात. पाहुणे असोत नसोत, महिन्याचा पगार ठरलेला. घावणे, उकड्या तांदळाची पेज, कुळथाचं पिठलं, फणसाची भाजी, सोलकढी. घरात जे रोज होतं तेच. पनीर मागणाऱ्याला फोनवरच नम्रपणे सांगतो. एसी नाही, रेंज ओटीच्या उजव्या कोपऱ्यातच मिळते, कोंबडा पहाटे आरवतो, हेही फोनवरच. ज्याला हे ऐकून यावंसं वाटतं तो पाहुणा घर जपतो. दोन दिवस राहणाऱ्याला दाखवायला इकडे भरपूर आहे. कशेळीचं कनकादित्याचं देऊळ, आडिवऱ्याची महाकाली, उन्हाळे गावचं गरम पाण्याचं कुंड, आणि बारसू, देवाचे गोठणे, देवीहसोळ इथली कातळशिल्पं, जी २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. तिथे गावातल्याच माणसाला वाटाड्या म्हणून द्या आणि त्याचे पैसे त्याच्या हातात द्या.

सगळं झालं की पहिले पाहुणे घरचेच बोलवा. प्रत्येक खोलीत एक रात्र कोणीतरी झोपायचं, सकाळी चहाच्या वेळी बोलायचं आणि एकाने लिहून घ्यायचं. आमच्या वहीत सव्वीस गोष्टी आल्या. उशाशी चष्मा ठेवायला जागा नाही. मधल्या खोलीच्या खिडकीतून पहाटे चारला रस्त्याचा दिवा डोळ्यांवर येतो. पडवीच्या पायरीची उंची बाकीच्यांपेक्षा दोन बोटं जास्त, अंधारात ठेच लागते. आत्या मागच्या खोलीत झोपली होती, लग्न होईपर्यंत ती तिथेच झोपायची. ती म्हणाली, "न्हाणीची कडी आतून लागत नाही. तेव्हाही लागत नव्हती." सुतारांना निरोप पाठवला. ते जेवणाआधी येऊन कडी बसवून गेले, आणि दुपारी मुंबईहून विचारणा करणाऱ्या कुटुंबाला पुढच्या शनिवारसाठी होकार कळवला.